बारा दिवस, शहाण्णव सेकंद

मागच्या वर्षीच्या कॅम्पमधल्या नाइट मार्चची गोष्ट अनेकांना अर्धीच माहीत आहे. आमचा आठ जणांचा गट तिसऱ्या पोस्टवर पंचवीस मिनिटं उशिरा पोहोचला आणि आमचे गुण कापले गेले, एवढं सगळ्यांनी ऐकलं. उशीर का झाला, ते मात्र मी कुणाला नीट सांगितलं नव्हतं. आज सांगतो, कारण पुढचं सगळं त्यातूनच निघालं.

गटाचा टाइमकीपर मी होतो. दुसऱ्या पोस्टनंतर दहा मिनिटांचा हॉल्ट होता. माझ्या हातात वाढदिवसाला घेतलेलं झोकदार घड्याळ होतं. काळी डायल, काळे काटे आणि आत आणखी तीन छोट्या डायली. दिवसा वर्गात सगळे ते हातात घेऊन बघायचे. त्या रात्री टॉर्च लावायची परवानगी नव्हती. चांदण्यात मी भलताच काटा मिनिटकाटा समजलो आणि दहा मिनिटांचा हॉल्ट पस्तीस मिनिटांचा झाला. बाकीचे सात जण माझ्या भरवशावर डोळे मिटून बसले होते. तिसऱ्या पोस्टवर आठवीतला एक ज्युनिअर आमची वाट बघत थंडीत उभा होता. उस्ताद दोन पोस्टच्या मध्ये फेऱ्या मारत होते, म्हणजे बराच वेळ तो एकटाच असणार. आम्ही पोहोचलो तेव्हा त्याने वहीत आमची वेळ लिहिली आणि म्हणाला, "सर, मला वाटलं मीच चुकीच्या जागी उभा आहे." ते वाक्य गुण कापल्यापेक्षा जास्त लागलं.

डिसेंबरच्या सुट्टीत मी आजोळी गेलो. माझं आजोळ तामिळनाडूत, कुंभकोणमजवळ चोळपुरम् या गावी आहे. राजेंद्र चोळाचं मोठं मंदिर आहे ते गंगैकोंड चोळपुरम् वेगळं. आमचं चोळपुरम् लहान आहे. भातखाचरं, एक बाजाराचा रस्ता आणि कुंभकोणमला जाणाऱ्या बस. तंजावरचं भोसल्यांचं राज्य १८५५ मध्ये संपलं, पण त्या भागातल्या काही घरांतून मराठी अजून गेलेली नाही. आईचं माहेर त्यांतलंच. आजोबांची मराठी तंजावरची, तमिळच्या चालीवर जाणारी. इथे मी त्यांचं बोलणं आपल्या मराठीत लिहितो आहे.

मामाने नुकतंच एक घड्याळ मागवलं होतं. गेल्या दहा-बारा वर्षांत आपल्याकडे जयपूर वॉच कंपनी, बंगलोर वॉच कंपनी, दिल्ली वॉच कंपनी असे छोटे स्वतंत्र ब्रँड उभे राहिले आहेत. हेही अशाच एका छोट्या ब्रँडचं. नाव लिहीत नाही, कारण मासिकाचं पान जाहिरातीसाठी नाही. किंमत साडेनऊ हजार. मामाने माझी कॅम्पची गोष्ट ऐकून घेतली आणि म्हणाला, "सुट्टीभर हे वापर. मला लेखी रिपोर्ट दे. हे घड्याळ कॅडेटच्या हातावर असावं असं तुझं खरंच मत झालं तर तुझं. नाहीतर हजार रुपयांचं डिजिटल घेऊन देतो." आजोबा खुर्चीतून म्हणाले, "रिपोर्ट म्हणजे आकडे हवेत. छान आहे, आवडलं, असं लिहायचं नाही." आजोबा रेल्वेत गार्ड होते. २०२२ पासून त्या पदाला ट्रेन मॅनेजर म्हणतात, पण आमच्या घरी अजून गार्डच.

आधी घड्याळाबद्दल. हे फील्ड वॉच प्रकारातलं आहे. पहिल्या महायुद्धाआधी पुरुष बहुतेक खिशातलं घड्याळ वापरत. खंदकात, दोन्ही हात कामात असताना, खिशात हात घालणं परवडेना, म्हणून घड्याळ मनगटावर आलं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या ए-११ घड्याळात चावी ओढली की सेकंदकाटा थांबत असे. त्यामुळे सगळ्या तुकडीची घड्याळं एकाच सेकंदाला सुरू करता येत. ब्रिटिश सैन्याने त्याच युद्धाच्या शेवटी बारा कंपन्यांकडून एकाच नमुन्याची घड्याळं घेतली: काळी डायल, मोठे पांढरे आकडे, अंधारात चमकणारे काटे आणि पाणी आत जाऊ न देणारी केस. आजची फील्ड वॉच याच वळणाची असतात. मामाचं घड्याळही तसंच: ३८ मिलिमीटरची स्टीलची केस, १ ते १२ मोठे आकडे, आतल्या वर्तुळात १३ ते २४, नायलॉनचा पट्टा आणि १०० मीटरचं वॉटर रेझिस्टन्स. आतलं मशीन सिको गटाचं एनएच ३५. हाताच्या हालचालीने चावी बसते, चावी ओढली की सेकंदकाटा थांबतो आणि पूर्ण चावी बसली की ४१ तास चालतं. दिवसाला उणे २० ते अधिक ४० सेकंदांचा फरक पडू शकतो, असं मशीन बनवणारेच सांगतात.

मी वही घातली. रोज सकाळी सहाला फोनवरच्या वेळेशी ताडून फरक लिहायचा. पहिले सहा दिवस रात्री घड्याळ पाठीवर, म्हणजे काच वर करून ठेवलं. ते रोज सुमारे १० सेकंद पुढे गेलं. आजोबांनी वही बघितली आणि म्हणाले, "आता रात्री कुशीवर ठेव, चावी वरच्या बाजूला." पुढचे सहा दिवस तसं केलं, तर फरक रोजचा ६ सेकंदांवर आला. चाकांवर पडणारा भार स्थितीप्रमाणे बदलतो, म्हणून चालही बदलते. बारा दिवसांत एकूण ९६ सेकंद पुढे, म्हणजे सरासरी दिवसाला ८. दिवसाचे ८६,४०० सेकंद धरले तर ही चूक दहा हजारांत एका भागापेक्षा कमी आहे.

अंधाराची परीक्षा मला सगळ्यांत महत्त्वाची वाटत होती. आपण चमकणाऱ्या कुठल्याही वस्तूला अजून 'रेडियम' म्हणतो. पूर्वी घड्याळांत खरंच रेडियम असायचं आणि ते रंगवणाऱ्या अमेरिकेतल्या कित्येक मुली त्याने आजारी पडून दगावल्या. आताचा रंग निरुपद्रवी आहे, पण तो आधी उजेड साठवतो आणि मग हळूहळू सोडतो. साडेनऊला दिव्याखाली पाच मिनिटं धरून मी दिवा मालवला. दोन तास वेळ स्पष्ट दिसत होती. पहाटे साडेचारला आजोबांबरोबर उठलो तेव्हा काटे अंधूक दिसत होते, आकडे नाही, कारण आकड्यांना तो रंगच नाही. तरी तास आणि मिनिटकाट्यात घोटाळा होत नव्हता. एक बुटका जाड, दुसरा लांब. माझ्या झोकदार घड्याळात नेमकं हेच नव्हतं.

पावसात भिजवलं, खाचरात चिखल लागला, हौदात बुडवलं. काचेखाली वाफ धरली नाही. शेवटी हातातून काढून ठेवलं, तर ४३ तास चाललं. उणिवाही लिहिल्या. पट्ट्याची बक्कल मनगटाला टोचते. तारखेच्या खिडकीने तीनचा आकडा खाल्ला आहे. आणि ब्रँडचं सर्व्हिस सेंटर आसपास कुठेच नाही. यावर आजोबा मला कुंभकोणमच्या एका घड्याळजीकडे घेऊन गेले. त्याने डोळ्याला भिंग लावून मागचं झाकण उघडलं आणि तमिळमध्ये आजोबांना जे सांगितलं त्याचा अर्थ असा: ब्रँड उद्या बंद पडला तरी काळजी नाही, हे मशीन सगळीकडे मिळतं, आठ सेकंदांसाठी याला हात लावू नका.

त्या दुकानात आजोबांनी आपलं एचएमटी 'जनता' तेल घालायला दिलं. एचएमटीने बेंगळुरूत १९६१ मध्ये जपानच्या सिटिझनच्या मदतीने घड्याळं बनवायला सुरुवात केली. 'जनता', 'पायलट', 'जवान' ही त्यांचीच नावं. २०१६ मध्ये सरकारने एचएमटी वॉचेस बंद करायला मंजुरी दिली. आजोबांचं 'जनता' अजून चालतं, पण रोज २५ सेकंद मागे पडतं. मी म्हटलं, "आजोबा, माझं तुमच्यापेक्षा तिप्पट बरोबर आहे." ते म्हणाले, "माझं किती चुकतं हे मला चाळीस वर्षं माहीत आहे. तुझं तुला बारा दिवसांपूर्वी माहीत नव्हतं. गाडी कुणाच्या घड्याळावर सोडायची?"

मग त्यांनी रेल्वेचा एक नियम सांगितला. गाडी सुटण्याआधी गार्ड आपलं घड्याळ स्टेशनच्या घड्याळाशी जुळवतो, ती वेळ ड्रायव्हरला सांगतो आणि ड्रायव्हर आपलं घड्याळ त्याप्रमाणे लावतो. "दोघांकडे कितीही भारी घड्याळं असोत," आजोबा म्हणाले, "जुळवल्याशिवाय गाडी हलायची नाही. त्या रात्री तू निघताना कुणाशी जुळवलं होतंस?"

मी गप्प बसलो. कुणाशीच नाही. सात जणांपैकी चौघांच्या हातात घड्याळं होती. मी कुणालाही "किती वाजले तुझ्यात?" असं विचारलं नव्हतं. टाइमकीपर मी असताना दुसऱ्याला वेळ विचारणं मला कमीपणाचं वाटलं होतं.

२५ डिसेंबरला आजोबांनी तिरुविसनल्लूरच्या शिवयोगीनाथर मंदिरात नेलं. तिथे भिंतीवर दगडी अर्धवर्तुळाची सावलीची घडी आहे. सावली अकराच्या रेघेवर येईपर्यंत आम्ही थांबलो. माझ्या घड्याळात तेव्हा अकरा वाजून बारा-तेरा मिनिटं झाली होती. सावलीची कड पुसट असते, म्हणून दोन-तीन मिनिटं इकडे-तिकडे धरा. मी म्हणालो, ही मागे आहे. आजोबा म्हणाले, भूगोल आठव. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची, कुंभकोणम सुमारे ७९.४ अंशांवर. एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे साडेबारा मिनिटांचा फरक यायलाच हवा. पुण्यात तो ३५ मिनिटांच्या आसपास येईल. वर्षभरात सूर्याच्या चालीमुळे हा फरक कमी-जास्त होतो. २५ डिसेंबरच्या सुमारास ती दुरुस्ती शून्य असते, म्हणून त्यांनी मला मुद्दाम त्या दिवशी आणलं होतं. ती घडी तिच्या जागेपुरती बरोबरच होती. फक्त तिच्यात आणि माझ्यात किती अंतर आहे ते मला माहीत हवं होतं.

मामाला रिपोर्ट दिला तो थोडक्यात असा. घड्याळ मजबूत आहे, अंधारात वाचता येतं, दुरुस्त होऊ शकतं, पैशाला मोल आहे. पण हजार रुपयांचं साधं क्वार्ट्झ डिजिटल महिन्याला जेवढं चुकतं तेवढं हे तीन-चार दिवसांत चुकतं, आणि डिजिटलला दिवाही असतो. आईवडिलांच्या पैशांनी पहिलं घड्याळ घेणाऱ्या कॅडेटने डिजिटलच घ्यावं. शेवटची ओळ लिहायला मला अर्धा दिवस लागला: "त्या रात्रीची चूक अर्धी डायलची होती, अर्धी माझी. माझी अर्धी कुठल्याही घड्याळाने सुधारणार नाही."

हे लिहिताना घड्याळ परत जाणार असं धरूनच चाललो होतो, आणि वाईटही वाटत होतं. मामाने रिपोर्ट दोनदा वाचला, आजोबांकडे दिला आणि मला हजारचं डिजिटल घेऊन दिलं. फील्ड वॉच त्याच्या हातावर गेलं. निघताना आजोबांनी माझी वही मात्र परत दिली. म्हणाले, "ही कुठल्याही घड्याळाला चालते."

शाळेत परतल्यावर मी त्या ज्युनिअरला शोधलं आणि त्या रात्री तो योग्य जागीच उभा होता, चूक माझी होती, हे सांगितलं. तो म्हणाला, "सर, ते मला दुसऱ्या दिवशी कळलं होतं." मग त्याने आपलं घड्याळ पुढे केलं. त्याचं माझ्यापेक्षा दोन मिनिटं मागे होतं. आम्ही तिथेच व्हरांड्यात दोन्ही जुळवली.

आता दर रविवारी फॉल-इनच्या आधी आमच्या हाऊसमधले सगळे घड्याळं जुळवतात आणि कुणाचं किती पुढे-मागे आहे ते वहीत लिहितात. नवं घड्याळ घ्यायचं असेल त्याने जरूर घ्यावं, मला विचारलं तर मी मतही देईन. पण घेण्याआधी आपलं जुनं घड्याळ बारा दिवस वहीत लिहून बघा. कदाचित नव्याची गरज पडणार नाही.

— एक कॅडेट, इयत्ता अकरावी