अरणगावच्या मौनातून उठलेलं रॉक

अहो, हातातलं काम जरा बाजूला ठेवा आणि हे ऐका! 1980 साली अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत नवव्या क्रमांकापर्यंत चढलेलं एक इंग्रजी गाणं आहे, 'लेट माय लव्ह ओपन द डोअर'. गायक लंडनचा, रेकॉर्ड कंपनी अमेरिकेची, जात न्यू वेव्हची. आणि या गाण्याचं मूळ कुठे निघावं? दौंड रोडवर, अरणगावला! आपल्या अरणगावला! कागदोपत्री आता अहिल्यानगर झालं तरी आमच्या तोंडी अजून नगरच आहे, आणि त्या नगरपासून हे गाव जेमतेम नऊ-दहा किलोमीटरवर. जन्मभर त्या रस्त्याने ये-जा केली, मेहेराबादच्या टेकडीवर डबे खाल्ले, आणि या वयात हे कळतंय. सांगितल्याशिवाय राहवत नाही.

कळलं ते भाचीमुळे. ती पुण्याला शिकते, गिटार वाजवते. सुट्टीत आली होती, तिने माझ्या कानात इअरफोन खुपसला. "मामा, हे ऐक." सुरुवातीलाच कीबोर्डचे सूर एकमेकांच्या पाठीला पाठ लावून असे काही धावत सुटतात की पाय आपोआप हलायला लागतो. ढोल बडवणं नाही, लांबलचक गिटारवादन नाही. चार श्वास होतात न होतात तोच गायक गायला लागतो. त्याच्या मागे त्याच्याच आवाजाचे थर, एकावर एक. पावणेतीन मिनिटांत सगळा खेळ खलास! मी म्हटलं, "छान प्रेमगीत आहे गं." ती हसली. "प्रेमगीत आहेच, पण गाणारा माणूस नाहीये. देव आहे. आणि हे लिहिणारा तुमच्या मेहेरबाबांचा भक्त आहे." मी इअरफोन काढलाच नाही. पुन्हा ऐकलं. आणि पुन्हा.

मग काय, झपाटल्यासारखा मागे लागलो. गाणं पीट टाउनशेंडचं. 'द हू' या ब्रिटिश बँडचा गिटारवादक आणि मुख्य गीतकार. भर कार्यक्रमात गिटार आपटून तिचे तुकडे करणारा म्हणून साठच्या दशकात गाजलेला. आणि त्या बँडचा आवाज किती असावा? 31 मे 1976 ला लंडनच्या चार्लटन फुटबॉल मैदानावर त्यांचा आवाज 126 डेसिबल मोजला गेला आणि जगातला सगळ्यात मोठ्या आवाजाचा कार्यक्रम म्हणून गिनीज बुकात गेला. आता गंमत पाहा. या माणसाने गुरू कोणाला मानलं? ज्यांनी 10 जुलै 1925 पासून 31 जानेवारी 1969 ला देह ठेवेपर्यंत, जवळजवळ 44 वर्षं, तोंडातून शब्द काढला नाही त्या मेहेरबाबांना! जगातला सगळ्यात कर्कश बँड आणि नगरच्या माळावरचं मौन. ही गाठ कोणी कादंबरीत लिहिली असती तर आपण म्हटलं असतं, काहीच्या बाही.

मेहेरबाबांची माहिती नगरकरांना असते, पण तुकड्यातुकड्यांत. माझीही तशीच होती. आता सलग वाचली. मेरवान शेरियार इराणी, जन्म पुण्याचा, 25 फेब्रुवारी 1894. डेक्कन कॉलेजात शिकत असताना पुण्यातच झाडाखाली बसणाऱ्या हजरत बाबाजान भेटल्या. पुढे शिर्डीला साईबाबांचं दर्शन, साकोरीला उपासनी महाराजांचा सहवास, म्हणजे पुन्हा आपलाच जिल्हा. 1923 मध्ये अरणगावजवळ पहिल्या महायुद्धाच्या वेळची लष्करी छावणी ओस पडली होती, तिथे मंडळी येऊन राहिली आणि मेहेराबाद झालं. मौन धरल्यावर बाबा इंग्रजी मुळाक्षरांच्या पाटीवर बोट फिरवून बोलत. 1954 मध्ये ती पाटीही सोडली. मग नुसते हातवारे, आणि जवळची मंडळी त्यांचा अर्थ मोठ्याने सांगत.

टाउनशेंडची आणि बाबांची प्रत्यक्ष भेट कधीच झाली नाही. 1967 मध्ये माइक मॅकिनर्नी या चित्रकार मित्राने त्याला बाबांबद्दल सांगितलं. लंडनची तरुण पिढी तेव्हा एलएसडीच्या नादात होती आणि बाबा स्पष्ट सांगत होते की गोळीत देव नाही. टाउनशेंडने तो नाद सोडला. 1969 मध्ये 'टॉमी' हा रॉक ऑपेरा आला, त्याच्या श्रेयनामावलीत 'अवतार' म्हणून मेहेरबाबांचं नाव आहे. त्याच मॅकिनर्नीने त्याचं मुखपृष्ठ केलं. पण तोवर बाबांनी देह ठेवला होता. पुढे 1972 साली टाउनशेंड स्वतः नगरला आला, समाधीपुढे उभा राहिला. म्हणजे आमच्या शहरात जगातला एक अव्वल रॉकवाला येऊन गेला आणि आम्हाला पत्ता नाही!

आता मूळ गाण्याकडे येतो, कारण खरी चव तिथे आहे. सत्तरचं दशक संपत आलं तेव्हा या माणसाचं सगळंच बिनसलं होतं. सप्टेंबर 1978 मध्ये बँडचा ड्रमर कीथ मून गेला. 3 डिसेंबर 1979 ला सिनसिनाटीच्या कार्यक्रमात दारापाशी चेंगराचेंगरी होऊन अकरा रसिक मेले. टाउनशेंड स्वतः दारूत बुडालेला. वर पंकवाल्या पोरांनी या जुन्या बँडांना म्हातारे ठरवून टाकलेलं. पंकची धग ओसरली आणि त्यातून न्यू वेव्ह निघालं: गाणी आखूड, कीबोर्ड पुढे, चाल चटकन ओठांवर बसणारी. 1980 च्या मार्चमध्ये या लाटेतला 'द पोलिस' हा बँड थेट मुंबईत येऊन वाजवून गेला. पुढच्याच महिन्यात टाउनशेंडचा 'एम्प्टी ग्लास' हा अल्बम आला. निर्माता क्रिस थॉमस, म्हणजे सेक्स पिस्टल्स आणि प्रिटेंडर्सच्या रेकॉर्ड करणारा माणूस. पंकवाल्यांचाच कारागीर हाताशी घेऊन त्याने देवाचं गाणं केलं!

अल्बमच्या नावातला रिकामा पेला सूफी काव्यातला आहे. बाबांना सूफी कवी हाफिज फार प्रिय. मन रिकामं करून समोर धरा, भरणारा भरेल, असा तो भाव. लिहिणाऱ्याच्या हातातला पेला मात्र त्या दिवसांत रिकामा राहत नव्हता, म्हणून तर ही हाक इतकी कळवळून आलेली वाटते. भक्त देवाला आळवतो अशी गाणी ढीगभर. इथे उलट आहे. दार आतून लावून घेतलंय माणसाने, आणि बाहेर उभा राहून विनवतोय देव. तोही न रागावता, जवळजवळ नाचत. मला ऐकता ऐकता मुक्ताबाईंचे ताटीचे अभंग आठवले. रुसून आत बसलेल्या ज्ञानोबांना बाहेरून समजावणारी ती धाकटी बहीण. ज्या नगर जिल्ह्यात नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली गेली, तिथल्या माणसाला हे गाणं परकं कसं वाटेल, सांगा!

टाउनशेंडच्या नावावर अमेरिकेत पहिल्या दहात गेलेलं हे एकमेव गाणं. त्याचा एवढा मोठा बँड, पण त्यांचंही तिथे पहिल्या दहातलं गाणं एकच, 1967 चं, आणि तेही नवव्या क्रमांकावरच थांबलेलं. पण यादीतला क्रमांक विसरला जातो, गाणं विसरलं गेलं नाही. टाउनशेंडने पुढे त्याची संथ आवृत्ती केली, ती 'ग्रोस पॉइंट ब्लँक' या 1997 च्या चित्रपटात आहे. 2007 च्या 'डॅन इन रिअल लाइफ'मध्ये स्टीव्ह कॅरेल भर घरगुती कार्यक्रमात ते गातो. बघणाऱ्यांतल्या किती जणांना अरणगाव माहीत असेल?

आणि हे एवढ्यावर थांबत नाही! 1971 चं 'बाबा ओ'रायली' घ्या. त्यातले 'बाबा' म्हणजे आपले मेहेरबाबा, आणि 'रायली' म्हणजे अमेरिकन संगीतकार टेरी रायली, जो किराणा घराण्याच्या पंडित प्राणनाथांचा शिष्य. 2012 च्या लंडन ऑलिंपिकच्या समारोपात ते वाजलं. 1988 मधलं बॉबी मॅकफेरिनचं 'डोन्ट वरी, बी हॅपी' घ्या. ते शब्द त्याला बाबांच्या पोस्टरवर दिसले. गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं, ग्रॅमी मिळाली. आमच्या नगरात ते वाक्य रिक्षांच्या मागे असतं आणि आम्ही ते विनोदी सुविचार समजत होतो.

हे सगळं डोक्यात घेऊन मेहेराबादला गेलो. रस्त्याच्या एका अंगाला धुनी, ती दर महिन्याच्या 12 तारखेला पेटते. पुढे दौंड-मनमाडचा रेल्वेमार्ग ओलांडायचा आणि चढण चढायची. वर घुमटाची छोटीशी समाधी, घुमटाच्या चार कोपऱ्यांवर चार धर्मांच्या खुणा, दारावर इंग्रजीत कोरलेलं ब्रीद. आतल्या भिंतींवर हेलेन डाम या स्विस चित्रकर्तीने 1938 मध्ये काढलेली चित्रं. एकेकाने आत जायचं, वाकायचं, बाहेर यायचं. संध्याकाळची आरती झाली आणि ज्याला जे गायचं ते तो गाऊ लागला. एका आजीने मराठी भजन म्हटलं, पाठोपाठ एका परदेशी माणसाने गिटारवर इंग्रजी गाणं. कोणालाच त्यात वावगं वाटलं नाही. वाटणार कसं? बाबांना कव्वाली आवडे तशीच जिम रीव्हजची गाणीही. त्यांना समाधीत ठेवताना कोल पोर्टरचं 'बिगिन द बिगीन' वाजलं होतं. टाउनशेंडने जिम रीव्हजचं एक गाणं आणि हे 'बिगिन द बिगीन', दोन्ही स्वतः गाऊन ठेवलीत. रॉक इथे बाहेरून आलेलं नाही, त्याला आधीपासून जागा होती.

म्हणून माझं एकच म्हणणं आहे. पाहुण्यांना नगर दाखवताना आपण चांदबीबी सांगतो, भुईकोट किल्ला आणि तिथल्या कैदेत नेहरूंनी लिहिलेलं पुस्तक सांगतो. त्यात आता हे गाणंही घाला. गाव सांगताना गाणं ऐकवा. आणि तुम्ही स्वतः अजून ऐकलं नसेल तर आज ऐका, आवाज मोठा करून. शेजारी काही म्हणाले तर त्यांनाही आत बोलवा.