मागची खिडकी

मे महिन्यात नागपुरात पारा 45 अंशांवर गेला, की आम्ही माणसे कूलरपुढे ठाण मांडतो. आमच्या चिरंजीवांना मात्र यंदा संगणकाला वारा घालण्याचे वेड लागले. सुटे भाग आणून त्यांनी पेटी स्वतःच जुळवली आणि तिला 120 मिलिमीटरचे चार पंखे लावले. चारही वारा आत ओढणारे! तरी पेटी तव्यासारखी तापे आणि आतला प्रोसेसर आपण होऊन चाल मंद करी.

मी पडलो मराठीचा मास्तर. मला कोण विचारणार? तरी एका दुपारी न राहवून म्हटले, "अरे, कूलर लावला की तुझी आई मागची खिडकी का उघडते?"

तो क्षणभर पाहत राहिला. मग त्याने मागचा आणि वरचा पंखा उलटा बसवला. पुढून वारा आत, मागून-वरून तापलेली हवा बाहेर. पंखे तेवढेच, पण यंत्र ताळ्यावर आले.

त्या रात्री जेवताना तो हळूच म्हणाला, "बाबा, मला पुण्याला नोकरी बघायची आहे." हे तो पूर्वीही दोनदा बोलला होता आणि दोन्ही वेळा मी उपदेशाचा वारा सोडला होता. या खेपेस ओठांवर आलेले शब्द गिळले.

"बोल," मी म्हटले.

तो तासभर बोलत होता. इतके दिवस किती साठले होते त्याच्या मनात! चारही पंखे आतच वारा घालत होते ना!