उसाचा नकाशा

सोमवार, 10 नोव्हेंबर 2025

हरित सेनेची बैठक शाळा सुटल्यावर व्हायची, ती आता मधल्या सुट्टीत आणली. अंधार पडायच्या आत पोरं वस्तीवर पोचायला हवीत, आणि निम्म्या पोरांची वाट दोन्ही बाजूंनी उसाची आहे. शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेडला बिबट्याने मारलेला मुलगा आमच्या आठवीतल्यांच्याच वयाचा. त्यानंतर मंचरला लोकांनी हायवे रोखला, पुढे वनखात्याने बिबट्याला गोळी घातली. पोरांना हे सगळं मोबाइलवरून माझ्याआधी कळलेलं असतं.

राष्ट्रीय हरित सेना ही केंद्र सरकारची 2001-02 सालची योजना. आमच्या रजिस्टरमध्ये तिचे रकाने आखलेले आहेत : वृक्षारोपण, प्लॅस्टिक गोळा करणे, प्रभातफेरी, घोषवाक्ये. झाडं लावून झाली की फोटो वर पाठवायचा. बिबट्यासाठी रकाना नाही. आज ‘इतर’च्या रकान्यात लिहिलं : ऊस.

बुधवार, 12 नोव्हेंबर

गावाचा नकाशा चार कार्डशीट चिकटवून मोठा काढला. जिथे ऊस आहे तिथे हिरवा रंग भरा, असं मी सांगितलं. नववीतली एक मुलगी, वर्गात तोंड न उघडणारी, मागून म्हणाली, “मॅडम, नुसता ऊस काय लिहिता? लागण कधीची ते लिहा.”

मग अर्धा तास मला फक्त ऐकायचं काम उरलं. गेल्या वर्षीच्या जुलैतली आडसाली आता तोडीला आली आहे, आत माणूस दिसत नाही. यंदाची आडसाली अजून लहान. सुरूचा ऊस जानेवारीनंतर तुटणार. खोडवा दाट, त्यात पाचट पडलेलं, म्हणून तिथे पाऊल वाजत नाही. कुणाचं रान आधी तुटणार हे चिटबॉयच्या (कारखान्याच्या तोडचिठ्ठीवाल्याच्या) फेरीवरून पोरांना ठाऊक असतं. एक रान तुटलं की वाघ (पोरं बिबट्याला वाघच म्हणतात) शेजारच्या उभ्या रानात सरकतो. म्हणजे विघ्नहर आणि भीमाशंकर या दोन्ही कारखान्यांची तोडणी जशी सरकेल तशी भीतीही सरकणार. हे मी भूगोलाच्या कुठल्याच पुस्तकात वाचलं नव्हतं.

मी भर घातली ती एवढीच : माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे ही कुकडी प्रकल्पाची धरणं नसती तर इथे एवढा ऊस नसता. उसाच्या सावलीत जन्मलेल्या बिबट्याने भीमाशंकरचं जंगल बहुधा पाहिलेलंही नसतं.

शुक्रवार, 14 नोव्हेंबर

बालदिन. भाषणं, लिमलेटच्या गोळ्या. पोरांनी नकाशात लाल ठिपके वाढवले : कोंबडीच्या दुकानांतली घाण कुठे टाकतात ते. तिथे कुत्री, आणि कुत्र्यांमागे वाघ. एक ठिपका आमच्याच शाळेच्या मागच्या ओढ्यावर पडला.

मंगळवार, 18 नोव्हेंबर

आज भांडण. “सगळे पकडा आणि लांब जंगलात सोडा,” असं बहुतेकांचं मत. घरी तेच बोललं जातं, आणि ज्याच्या दारातली शेळी गेली त्याला मी काय शिकवणार? तरीही जुन्नरचाच जुना हिशेब फळ्यावर मांडला. 2001 ते 2003 मध्ये इथले बिबटे पकडून सरासरी चाळीसेक किलोमीटरवरच्या जंगलांत सोडले होते. वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी त्याचा अभ्यास केला. आधी माणसांवर वर्षाला सरासरी चार हल्ले होत, त्या काळात ते सतरावर गेले. जिथे सोडले त्या भागातही हल्ले होऊ लागले. ‘आजोबा’ नावाच्या बिबट्याची गोष्टही सांगितली. 2009 मध्ये टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीतून काढून, गळ्यात जीपीएस पट्टा बांधून त्याला माळशेजला सोडलं, तर तो चालत थेट मुंबईच्या अंगाला पोचला.

“मग पकडलेले माणिकडोहलाच ठेवा,” एकजण म्हणाला. तिथल्या निवारा केंद्रात किती मावणार, हा प्रश्न दुसऱ्यानेच विचारला. एकमत झालं नाही. मला त्याचं वाईट वाटलं नाही. हरित सेनेत आजवर कुणी भांडलंच नव्हतं, कारण झाडं लावायला कुणाचा विरोध असतो?

एका गोष्टीवर मात्र सगळे एक झाले : मोटारीला थ्री फेज दिवसा द्या. रात्रीच्या पाळीची वीज आली की बाप बॅटरी घेऊन दारं धरायला जातो आणि घर जागं राहतं. महावितरणला अर्ज लिहिला. पहिल्या खर्ड्यात ‘आपला आज्ञाधारक’ होतं, ते काढायला लावलं.

शनिवार, 22 नोव्हेंबर

पिंपरखेडकडे बाया बिबट्याच्या भीतीने गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून शेतात जातात, तो फोटो मुलींनी दाखवला. कुणी हसलं नाही.

सकाळची शाळा सुटल्यावर दोन पालकांना सोबत घेऊन नकाशा ताडून पाहायला निघालो. तुटलेल्या रानाच्या कडेला ऊसतोड टोळीच्या कोप्या होत्या. पाचटाच्या भिंती, दाराला गोणपाट. ही माणसं बीडकडची. पहाटे अंधारातच कोयता घेऊन फडात उतरतात, लहानगी पोरं कोपीत झोपलेली असतात. आमच्या नकाशात बंगले होते, गोठे होते, रोहित्रंसुद्धा होती. कोप्या नव्हत्या. इतक्या दिवसांत त्या एकाही पोराला आठवल्या नाहीत, आणि मलाही नाहीत.

सोमवार, 24 नोव्हेंबर

कोप्या पेन्सिलीने काढायच्या ठरल्या, टोळी फड बदलते म्हणून. टोळीतली बाराएक वर्षांची मुलगी शनिवारी आमच्यासोबत चारीपर्यंत आली होती आणि ओल्या मातीतला माग तिनेच आधी दाखवला होता. तिला बैठकीला बोलवा, असं आज पोरांनी सुचवलं. मुख्याध्यापक म्हणाले, शाळेत नाव नसताना कसं बोलवणार? मी म्हटलं, मग बैठकच तिकडे नेऊ, सकाळी ऊन वर आल्यावर.

मुकादमाला फोन केला. गुरुवारी टोळी नदीपलीकडे जाणार आहे. तिकडची वाट कुणाच्या पायाखालची आहे, ते उद्या वर्गात विचारायचं.