नको म्हणणारें मूल

सुट्टीच्या दिवसांत मुलांना घेऊन कोठें तरी जावें, हें हल्लीं सुशिक्षित घरांत जणूं कुळाचारासारखें होऊन बसलें आहे. आमच्या लहानपणीं वर्षांतून एकदां भरणारी जत्रा आणि तींतील आकाशपाळणा एवढ्यावर मुलांची हौस भागत असे. आतां त्या हौसेसाठीं मोठमोठीं क्रीडोद्यानें उभीं राहिलीं आहेत. परंतु एक प्रसंग जत्रेंत घडत असे तसाच या उद्यानांतहि हटकून घडतो. घरचीं दोन मुलें असतात, एक उड्या मारीत पुढें धांवतें, दुसरें दाराशीं येऊन पाय रोवतें आणि म्हणतें, "मला नाहीं बसायचं." अशा वेळीं वडील माणसांनीं काय करावें, याविषयीं चार शब्द लिहावे असें आमच्या मनांत आहे. हे लिहिण्याचा अधिकार आम्हांस शिक्षकीच्या पेशानें दिला असें आम्ही म्हणणार नाहीं. तो आमच्या हातून घडलेल्या एका चुकीनें दिला आहे.

गेल्या दिवाळींत चिरंजीव, सूनबाई आणि दोन नातवंडें यांच्यासह आम्ही खोपोलीनजीकचें, २०१३ सालीं उघडलेलें इमॅजिका हें उद्यान पाहावयास गेलों होतों. नातू अकरा वर्षांचा, नात नऊ वर्षांची. एका रोलर कोस्टरपाशीं उंचीची खूण होती, तिला दोघेंहि पुरलीं आणि मोठ्या उत्साहानें रांगेंत उभीं राहिलीं. रांग जसजशी पुढें सरकूं लागली, तसतसा नातू गप्प होत गेला. अगदीं दाराशीं आल्यावर तो हळूच म्हणाला, "मला नाहीं जायचं." नात त्याचा हात ओढूं लागली, मागील मंडळींची चुळबूळ सुरू झाली. "अरे, धाकटी बहीण जाते आणि तूं मुलगा असून—" हें वाक्य आमच्या ओठांपर्यंत आलें होतें. इतक्यांत चिरंजीव शांतपणें म्हणाला, "राहूं दे. तूं माझ्याबरोबर बाहेर चल. ताईबरोबर आई जाईल." घरांत धाकटीलाच सारे ताई म्हणतात.

आम्ही तिघे बाहेर येऊन बांकावर बसलों. थोड्या वेळानें नातू उठून कठड्यापाशीं गेला आणि गाडीचें येणें-जाणें निरखूं लागला. तेव्हां चिरंजीव आमच्याकडे न पाहतांच म्हणाला, "अण्णा, तुम्हांला आपल्या जत्रेंतला पाळणा आठवतो?"

आम्हांस चांगलाच आठवत होता. १९९२ सालची ती गोष्ट. चिरंजीव तेव्हां आठ वर्षांचा होता. आकाशपाळण्यापाशीं येतांच तो आमच्या सदऱ्याला घट्ट बिलगला. भोंवतीं आमचे विद्यार्थी आणि त्यांचे पालक उभे होते. मास्तरांचा मुलगा भितो, हें चारचौघांत दिसावें याची आम्हांस लाज वाटली. आम्हीं त्याचीं बोटें एकेक करून सोडविलीं, त्याला उचलून पाळण्यांत बसविलें आणि पाळणेवाल्यास दांडी लावावयास सांगितलें. तो रडला नाहीं. खालीं उतरल्यावर आम्हीं त्याला जिलबी घेऊन दिली, आणि पुढें कित्येक वर्षें आल्यागेल्या पाहुण्यांना 'पोराची भीति कशी मोडली' ही कथा अभिमानानें सांगितली.

"पाळण्याची भीति दोन दिवसांत गेली, अण्णा," चिरंजीव म्हणाला. "पण भीति वाटली तर ती तुम्हांला सांगायची नाहीं, हें मात्र त्या दिवशीं मनाशीं ठरलं, तें ठरलंच."

त्याच्या स्वरांत राग नव्हता, म्हणूनच तें बोलणें आम्हांस अधिक लागलें. कॉलेजच्या पहिल्या वर्षीं वसतिगृहांत त्याला दोन महिने झोंप नव्हती, अन्न जात नव्हतें. तें त्यानें आईस कळविलें, आम्हांस सहामाही संपल्यावर कळलें. त्याचा स्वभावच अबोल, असें आम्ही आजवर समजत होतों. आपल्या पोटच्या मुलाला अबोल कोणी केलें, हा प्रश्न आम्हांस कधीं पडला नव्हता.

जन्मभर आम्हीं मुलांना संस्कृत शिकविलें. भरतानें नाट्यशास्त्रांत आठ रस सांगितले, त्यांपैकीं भयानकाचा स्थायीभाव भय, हें आम्ही दरवर्षीं फळ्यावर लिहीत आलों. पण त्याचा अर्थ आम्हांस त्या बांकावर उमगला. प्रेक्षागृहांत बसलेल्या रसिकाला भयाची गोडी लागते, कारण आपण सुखरूप आहों अशी त्याची मनोमन खात्री असते. ती खात्री काढून घ्या, म्हणजे रस नाहींसा होतो आणि नुसतें भय उरतें. एकाच गाडींत शेजारीं बसलेल्या बहीणभावांपैकीं एकीच्या वाट्याला रस येईल, दुसऱ्याच्या वाट्याला केवळ भय. हीं उद्यानें तरी दुसरें काय विकतात? १८८४ सालीं अमेरिकेंत कोनी आयलंड येथें थॉम्पसननें उतरणीवरून धांवणारी गाडी सुरू केली. तिचा वेग ताशीं सुमारें सहा मैल, भाडें पांच सेंट. तरी तेवढ्या भयासाठीं लोकांनीं रांगा लावल्या. मात्र ते आपण होऊन रांगेंत उभे राहिले होते, हें विसरतां कामा नये.

यावर कोणी म्हणेल, असें लाड केले तर मुलें भित्रीं होतील. ही शंका रास्त आहे. भीति घालवूं नये असें आमचें म्हणणें नाहीं; ती ढकलून जात नाहीं, एवढेंच आम्हांस सांगावयाचें आहे. मेरी कव्हर जोन्स या मानसशास्त्रज्ञ बाईंनीं १९२४ सालीं एका लहान मुलाचा वृत्तांत प्रसिद्ध केला. तो मुलगा सशाला फार भीत असे. बाईंनीं त्याला आवडीचा खाऊ खावयास देऊन पिंजऱ्यांतला ससा दूर ठेवविला, आणि त्याला सोसेल तसा थोडाथोडा जवळ आणविला. शेवटीं तो मुलगा सशाला कुरवाळूं लागला. यांत ससा पुढें सरकला तो मुलाच्या बेतानें, घाईनें नव्हे.

तेव्हां आमच्या वाचकांस व वाचकभगिनींस आमची विनंति एवढीच. कोण कशांत बसणार, हें घरींच बोलून ठेवावें, आणि दाराशीं आल्यावरहि 'नको' म्हणण्याची मुभा असावी. मुलाला एकदां विचारावें, दहादां विचारूं नये. भावंडाची तुलना करूं नये. तसेंच एक नको म्हणतें म्हणून दुसऱ्याची मौज बुडवूं नये. एका वडील माणसानें धीट मुलाबरोबर जावें, दुसऱ्यानें बाहेर राहावें आणि मग पाळी बदलावी. अमेरिकेंत डिस्नेच्या उद्यानांतून तर बाहेर थांबलेल्या पालकाला पुन्हां सबंध रांग लावावी लागूं नये, अशी सोयच केलेली आहे. शाळेला जाणें टाळतां येत नाहीं, दवाखाना टाळतां येत नाहीं. पाळण्यांत बसणें हें कांहीं कर्तव्य नव्हे. जेथें धैर्याची खरी गरज आहे, तेथें मुलानें आपला हात धरावा असें वाटत असेल, तर येथें तो झिडकारूं नये.

नात केस विस्कटून, हंसत परत आली. नातवानें तिला गाडीची सारी रीत समजावून सांगितली: ती सांखळीनें वर ओढली जाते, पुढें तिला यंत्र लागत नाहीं, उंचीवरून येणाऱ्या वेगावरच ती धांवते. बाहेर बसून त्यानें एवढें पाहून ठेवलें होतें. मग आमच्याकडे वळून त्यानें विचारलें, "आजोबा, तुम्ही बसाल का यांत?"

वयाचें निमित्त सहज सांगतां आलें असतें. पण चिरंजीव शेजारीं उभा होता. आम्हीं म्हटलें, "नाहीं रे बाळ. आम्हांला भीति वाटते."

नातू निवांतपणें आमच्याजवळ येऊन बसला. चिरंजीव कांहीं बोलला नाहीं. मात्र परतीच्या वाटेवर मोटारींत तो आमच्याशीं पुष्कळ बोलला, आणि आम्हीं मध्यें न बोलतां तें सर्व ऐकून घेतलें.