बर्फगार समुद्र आणि गरम पातेलं

आइसलंड म्हटलं की बर्फ आणि ज्वालामुखी एवढंच आपल्या डोळ्यांपुढं येतं. माझ्या मात्र लक्षात राहिल्या त्या राजधानी रेक्याविकच्या नाउतहोल्सविक किनाऱ्यावर पोहणाऱ्या बायका. साठी ओलांडलेल्या आजीबाई, कडेवरचं मूल मैत्रिणीकडे सोपवून पाण्यात शिरणाऱ्या तरुण आया; डोक्याला लोकरीची टोपी, हातांत रबरी मोजे. आणि समुद्राचं पाणी जेमतेम १० अंश! हा तिथला उन्हाळा बरं का. हिवाळ्यात हेच पाणी शून्याच्या आसपास जातं.

माझी धाकटी नणंद नोकरीसाठी तिथं असते. "वहिनी, उतरायचंच," असा तिचा हट्ट. मला पोहता येत नाही. माहेरी गावात नदी होती, पण पोहायचे ते भाऊ. आम्ही बहिणींनी काठावर त्यांचे कपडे सांभाळायचे.

आधी शहरातल्या एका तलावावर गेलो. तिथला दंडक असा, की पाण्यात जाण्याआधी अंगावर काहीही न ठेवता साबणानं अंघोळ करायची. बायकांच्या खोलीत मी टॉवेल गुंडाळून पाच मिनिटं नुसती उभी! पण माझ्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. सुटलेली पोटं, टाक्यांचे व्रण, सुरकुत्या सगळं तिथं होतं. संकोच तेवढा नव्हता.

दुसऱ्या दिवशी समुद्र. नणंदेचा हात धरून कमरेइतक्या पाण्यात गेले आणि श्वासच अडकला. अंगभर सुया टोचल्यासारखं झालं. "सावकाश श्वास सोडा, वहिनी." गार पाण्यात पहिलं मिनिटभर अशीच धाप लागते, मग श्वास थाऱ्यावर येतो. दोन मिनिटांत मी बाहेर आले. थरथरत, पण हसत.

काठावरच लांबट हौद आहे, साधारण ३८ अंशांच्या पाण्याचा. अशा हौदाला त्यांच्या भाषेत जे नाव आहे, त्याचा अर्थ चक्क 'गरम पातेलं'! जमिनीखालच्या कढत पाण्यावर इथली घरं उबदार ठेवतात; त्यातलंच उरलेलं पाणी इथं आणलंय. उरलंसुरलं कामी लावणं आपल्याला काय नवं!

त्या पातेल्यात पाणवठ्यासारख्या गप्पा रंगतात. माझ्याशेजारची बाई म्हणाली, "आमच्याकडे पोहणं शाळेतच शिकतात, मुलगेही आणि मुलीही." १९४० सालापासून तिथं हे सक्तीचं आहे. मासेमारीवर जगणारा देश, आणि पोहता न आल्यानं किती जीव जायचे! मी शाळेत शिकवते, पण पोहणं हाही अभ्यासाचा विषय असू शकतो, हे मनात कधी आलंच नव्हतं.

कुणाला जायचा योग आला, तर एकटीनं उतरू नका. रक्तदाब वा हृदयाचा त्रास असेल किंवा दिवस गेले असतील, तर आधी डॉक्टरांना विचारा. गरम पाण्यातून झटकन उठू नका, चक्कर येते.

माझी लेक आठ वर्षांची आहे. आमच्या नगरपालिकेच्या तलावावर बायकांसाठी वेगळी वेळ असते. येत्या सुट्टीत आम्ही दोघी नाव घालणार आहोत. काठावर कपडे सांभाळायला यांना सांगून ठेवलंय!