टेबलावरची रसविघ्ने

भूमिकाखेळाला मराठीत अजून रुळलेले नाव नाही. बाहेरून पाहणाऱ्याला तो खेळच वाटत नाही, हेही त्याचे एक कारण असावे. पट असलाच पाहिजे असे नाही, जिंकणे-हरणे नाही. पाच-सहा माणसे टेबलाभोवती बसून तीन-चार तास बोलत असतात आणि मधूनच कोणीतरी वीस पैलूंचा फासा टाकतो. या प्रकारातला पहिला प्रकाशित खेळ, 'डंजन्स अँड ड्रॅगन्स', १९७४ साली अमेरिकेत निघाला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन हे त्याचे कर्ते. दोघेही पटावरच्या युद्धखेळांतून आलेले. सोंगटी म्हणजे सैन्याची तुकडी न मानता एकच माणूस मानावा, त्याला नाव द्यावे आणि पुढच्या बैठकीतही तो तोच राहावा, या साध्या कल्पनेवर पुढचे सगळे उभे राहिले.

खेळाची रीत अशी. एक जण जग सांभाळतो. इंग्रजीत त्याला डंजन मास्टर किंवा गेममास्टर म्हणतात, मी त्याला सूत्रधार म्हणतो. बाकीच्यांकडे प्रत्येकी एक पात्र. सूत्रधार प्रसंग सांगतो आणि विचारतो, 'तुम्ही काय करता?' उत्तर सहज घडण्यासारखे असेल तर ते घडते. शंका असेल तर फासा पडतो, आकड्यात पात्राच्या कौशल्याची भर घातली जाते आणि बेरीज सूत्रधाराने ठरवलेल्या आकड्याला पोचली की जमले. कोणाच्याही हातात पूर्ण संहिता नाही. मी पुण्यात काही वर्षे असा सूत्रधार म्हणून बसतो आहे, आणि खेळाडूंच्या ज्या सवयींनी मला जेरीस आणले आहे त्यांविषयी लिहायचे आहे. अर्थात ही केवळ तक्रार नाही. या सवयींकडे पाहता पाहता वाङ्मयाच्या वर्गात शिकलेले काही जुने शब्द मला नव्याने कळले, म्हणून हा प्रपंच.

अभिनवगुप्ताने नाट्यशास्त्रावरच्या आपल्या टीकेत रसास्वादाची सात विघ्ने सांगितली आहेत. आपण परीक्षेपुरती ती पाठ करतो आणि सोडून देतो. पहिले विघ्न संभाव्यतेच्या अभावाचे: समोर घडते आहे ते घडू शकते असे वाटलेच नाही, तर मन तिथे ठरणार कसे? माझ्या टेबलावर हे विघ्न पुस्तकी ज्ञानाच्या रूपाने येते. दलदलीतून एक ट्रोल उठतो. गावातून पहिल्यांदाच बाहेर पडलेल्या धनगराच्या पोराने तो कधी पाहिलेला नाही. पण ते पोर खेळवणाऱ्या गृहस्थांनी राक्षसांचा कोश वाचलेला असतो. ट्रोलच्या जखमा आपोआप भरून येतात आणि ते फक्त आग किंवा आम्लाने थांबते, हे त्यांना ठाऊक असते. पोर क्षणाचाही विचार न करता मशाल मागते. नियमाने यात काहीच चूक नाही. मात्र भीती गेली. अज्ञातासमोर उभे राहण्याचा जो अनुभव त्या प्रसंगात होता, तो एका वाचकाने बाकी चौघांकडून काढून घेतला.

दुसरी सवय 'माझे पात्र असेच वागेल' या वाक्याची. सोबत्यांची थैली चोरायची, तहाची बोलणी चालू असताना दूताला भोसकायचे, आणि सगळे अवाक झाले की निरागसपणे हे वाक्य उच्चारायचे. साहित्याच्या लोकांना हे ओळखीचे वाटेल. पात्रे आपल्या हातात राहत नाहीत, ती स्वतःच्या मर्जीने चालतात, असे कादंबरीकार मुलाखतींत सांगतात. त्यात तथ्य असेलही. पण त्या पात्राला तसे घडवले कोणी? चोरी करणारा, तरीही याच चौघांबरोबर राहावेसे वाटणारा माणूस कल्पिता येत नाही काय? कादंबरीकाराला पात्राच्या स्वातंत्र्याची किंमत स्वतःच्या पानांत मोजावी लागते. इथे ती इतरांच्या रविवारातून वसूल होते.

रविवारावरून आठवले. ठरलेल्या दिवशी न येणे ही सर्वांत सामान्य आणि सर्वांत मारक सवय. सूत्रधार धरून आम्ही पाच जण. प्रत्येक जण पाचपैकी चार रविवारी मोकळा आहे असे धरले, तरी पाचही एकाच रविवारी मोकळे असण्याची शक्यता जेमतेम एक-तृतीयांश उरते. म्हणजे येथे सद्‌भाव पुरत नाही, प्रत्येकाला काहीतरी बाजूला सारावे लागते. सकाळी अकराला 'आज जमत नाही रे' असा निरोप येतो, तेव्हा एक पात्र कथेच्या मधोमध मुके होते. नाटकातला नट आजारी पडला तर बदली नट येतो. इथे संवादच कुठे लिहिलेले नसल्याने बदली कोणाला द्यायचा?

नियमांचा कीस काढणारे वकील, दिसेल त्याला ठार मारणारे भटके वीर, आपल्या पात्राचा वीस पानी पूर्वेतिहास लिहून आणणारे आणि दुसऱ्याच्या पात्राचे नावही लक्षात न ठेवणारे, असे आणखी पुष्कळ प्रकार आहेत. ग्लेन ब्लेको याने १९८० सालीच अशा खेळाडूंचे चार वर्ग पाडून दाखवले होते. कोणाला भूमिका हवी, कोणाला कथा, कोणाला डावपेच आणि कोणाला नुसती ताकद, अशी ती विभागणी. ती वाचली की राग थोडा निवतो. चौघे चार वेगळ्या गोष्टी खेळायला आलेले असतात आणि चौघांनाही वाटत असते की आपण एकच खेळ खेळतो आहोत.

पण एक सवय अशी आहे की तिच्यापुढे हे वर्गीकरण मला पुरत नाही.

आमच्यात एक अबोल खेळाडू होती. पहिल्या पाच बैठकांत ती फक्त आकडे सांगत असे: 'चौदा', 'लागला', 'सहा इजा'. सहाव्या बैठकीत त्यांचा तांडा एका ओसाड घाटावर थांबला. तिच्या पात्राचा बाप त्या नदीत बुडाला होता, असे तिने आपल्या पात्राच्या कागदावर केव्हातरी एका ओळीत लिहून ठेवले होते. मी नावाड्याच्या तोंडून विचारले, 'पोरी, तू इथली का?' आणि ती बोलू लागली. प्रथमपुरुषी, हळू, थांबत थांबत. बापाच्या चपला पाण्याकाठी व्यवस्थित शेजारी-शेजारी काढून ठेवलेल्या सापडल्या, असे काहीतरी ती सांगत होती. फासे थांबले होते. तेवढ्यात एकाने मोबाइलवरून मान वर केली, 'आपण अजून घाटावरच आहोत का?' असे विचारले आणि चपला कितीला विकता येतील यावर एक विनोद केला. विनोद वाईट नव्हता. दोघे हसले. तीही हसली. 'बरं, पुढे चला,' म्हणाली.

पुढच्या बैठकीला ती आली, आणि पुन्हा फक्त आकडे सांगू लागली. त्या चपलांचे पुढे काय झाले, ते आम्हांला कधीच कळले नाही.

अभिनवगुप्ताच्या यादीतले तिसरे विघ्न आहे 'निजसुखादिविवशीभाव'. स्वतःच्या सुखदुःखात गुरफटलेला प्रेक्षक रसापर्यंत पोचत नाही. त्यावर वाद्ये, गायन, सजवलेला मंडप असे उपाय त्याने नाट्यात दाखवले आहेत. पण प्रेक्षागृहातला असा प्रेक्षक फक्त स्वतःला मुकतो. रंगमंचावर नाटक चालूच राहते. भूमिकाखेळात नट आणि प्रेक्षक एकच असल्यामुळे एकाचे विघ्न सगळ्यांचे होते. बोलणाऱ्याला ऐकणारा सहृदय मिळाला नाही तर ते बोलणे अस्तित्वातच येत नाही. ते छापून ठेवलेले नसते, की उद्या दुसरा वाचक भेटेल.

योहान हुइझिंगाने 'होमो लुडेन्स' (१९३८) या ग्रंथात कपटी खेळाडू आणि खेळ मोडणारा यांत फरक केला आहे. समाज पहिल्याला अधिक सहज क्षमा करतो, कारण कपट करण्यासाठी का होईना, तो खेळाचे जग मान्य करत असतो. दुसरा ते जगच नाकारतो. वर्गात हा मुद्दा मला चमत्कारिक वाटे, आता वाटत नाही. आमच्यातला एक जण फाशाचा आकडा हळूच एकाने वाढवून सांगतो, हे सर्वांना माहीत आहे. त्याचा मला राग येत नाही. त्याला ती दरी ओलांडायचीच असते! दरीला दरी मानणाऱ्याशी खेळता येते.

उपाय आहेत. पहिल्या बैठकीआधी एक 'शून्य बैठक' घेऊन कोणाला काय हवे, काय नको, हे बोलून घेण्याची पद्धत आता रुळली आहे. कोणताही प्रसंग असह्य झाला तर मुकाट्याने उचलून दाखवण्याचे कार्डही काही ठिकाणी टेबलावर असते. आम्ही मोबाइल टोपलीत ठेवू लागलो आहोत. पण नको असलेले थांबवण्यासाठी कार्ड असते. नाजूक असे काही सुरू होते आहे, त्याला जरा जागा द्या, हे सांगणारे कार्ड मला अजून कुठे दिसलेले नाही. ते काम दुसऱ्याचे बोलणे ऐकण्याच्या सवयीनेच व्हायचे, आणि ही सवय नियमपुस्तकाच्या कोणत्याही आवृत्तीत सापडत नाही. वाङ्मयाच्या वर्गात तरी आपण ती लावतो का, हे शिकणाऱ्या-शिकवणाऱ्यांनी स्वतःला विचारून पाहावे.