दास कोणाचा?

एम. ए.च्या वर्गात असताना लिहिलेल्या एका निबंधात मी एका कादंबरीविषयी ‘ती वाचकाला एन्थ्रॉल करते’ असे विधान केले होते. मराठी निबंधात इंग्रजी क्रियापद योजण्यात काही प्रौढी आहे, अशी तेव्हा समजूत होती. निबंध परत आला तेव्हा त्या शब्दाखाली रेघ ओढून सरांनी समासात एवढेच विचारले होते : ‘दास कोणाचा?’ मी खट्टू झालो आणि कोश उघडला.

‘थ्रॉल’ म्हणजे दास. स्कँडिनेव्हियातून येऊन इंग्लंडच्या उत्तर व पूर्व भागांत स्थिरावलेल्या लोकांच्या नॉर्स भाषेतून हा शब्द जुन्या इंग्रजीत आला. तेथे तो रूपक नव्हता. खरेदी-विक्री होणाऱ्या माणसाचे ते नाव होते. पुढे ‘एन’ हा उपसर्ग लागून ‘दास करणे’ असे क्रियापद झाले आणि सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात ते मनाच्या बंधनासाठीही योजले जाऊ लागले. 1600 साली प्रथम छापल्या गेलेल्या ‘ए मिडसमर नाइट्स ड्रीम’मध्ये डोळ्यांत फुलाचा रस पिळलेली टिटानिया गाढवाचे डोके लाभलेल्या विणकराला पाहून हेच क्रियापद आपल्या दृष्टीविषयी वापरते. 1633 साली प्रसिद्ध झालेल्या एका सुनीतात जॉन डन ईश्वराला उद्देशून तेच योजतो. त्याच्या लेखी असे बांधले जाणे हीच सुटका असते. एकीकडे भ्रम, दुसरीकडे मुक्ती. मधला शब्द मात्र दास्याचाच.

व्युत्पत्ती म्हणजे अर्थ नव्हे, हे भाषाविज्ञानाने आपल्याला शिकवले आहे. आजच्या इंग्रजी भाषकाला या शब्दात साखळीचा आवाज ऐकू येत नाही. आपल्यालाही ‘खिळवून ठेवणे’ म्हणताना खिळा टोचत नाही, किंवा ‘मंत्रमुग्ध’मधील ‘मुग्ध’ आणि ‘मूढ’ एकाच ‘मुह्’ धातूचे आहेत, हे जाणवत नाही. तरीही आस्वादाची प्रशंसा करणारे इतके शब्द स्वत्व हरपण्याचेच असावेत, ही गोष्ट समीक्षकाने सहज सोडून द्यावी अशी नाही.

सरांच्या प्रश्नाचा रोख मला फार उशिरा कळला. मी शिकवू लागलो; माझे तास रंगतात, विद्यार्थी भारावून ऐकतात, याचा मला अभिमान होता. एका वर्षी उत्तरपत्रिका तपासताना एका विद्यार्थिनीच्या उत्तरात माझीच वाक्ये, माझ्याच क्रमाने, माझ्या एका चुकीसह भेटली. तिने कादंबरी वाचली होती की नाही, हे त्या उत्तरावरून ठरवता येत नव्हते. मी गुण दिले, पण लेखणी अडखळली. त्या समासात मला तोच प्रश्न लिहिता आला असता. परंतु त्याचे उत्तर तिने नव्हे, मी द्यायचे होते.

साहित्यकृतीने भारून टाकावे, यात गैर काही नाही. न भारावलेला वाचक समीक्षेपर्यंत पोहोचतच नाही. मात्र त्या अवस्थेतून परत येऊन आपण कशाने बांधले गेलो होतो हे सांगणे, एवढेच समीक्षेचे स्वातंत्र्य असते. त्या वर्षापासून मी तासाची शेवटची दहा मिनिटे बोलत नाही. पुष्कळदा वर्गात शांतता असते. ती मला आता पूर्वीइतकी जड वाटत नाही.